काकाजी, पराटी मोडून रबर लावू नका

"विदर्भात रबर लावा! पाणी नको, तिसऱ्या वर्षापासून रोज नगदी, माल सरकार घरून उचलणार." हा मेसेज सध्या आमच्या भागातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. सफेद मुसळी झाली, जट्रोफा झाला, आता हे. मी दुर्लक्ष केलं असतं, पण आमच्या काकाजींनी पराटीचं दोन एकर वावर रबराला द्यायचं ठरवलं आणि रोपवाल्याला ॲडव्हान्सही देऊन मोकळे झाले. वर मलाच म्हणतात, "पानी लागत नाही म्हन्ते ना बा, अजून काय पायजे?"

पाणी लागत नाही, हीच तर सगळ्यात मोठी थाप. रबराचं झाड, म्हणजे हेविया, मूळचं ॲमेझॉनच्या जंगलातलं. त्याला वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो, तोही महिनोन्‌महिने विभागून, आणि हवा दमट. यवतमाळ-वर्ध्याकडे हजाराच्या आतबाहेर पडतो, तोही चार महिन्यांत उरकतो. मे महिन्यातला पारा मी सांगायला नको.

आणि हा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेलाय. पालघर जिल्ह्यातल्या दापचरीला केंद्र सरकारच्या रबर बोर्डाचं संशोधन केंद्र आहे. तिथे पाऊस आपल्या दुपटीच्या घरात, पण पावसाळा संपला की कोरडं. 1998 साली छापून आलेला तिथला निष्कर्ष असा: पाणी न दिलेल्या झाडांना चीक काढण्याजोगं व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतात, सिंचन केलं तर सहा. सिंचन करूनही सहा! तिसरं वर्ष आणलं कुठून? खोडाचा घेर 50 सेंटिमीटर भरल्याशिवाय केरळातही साल चिरत नाहीत. चिरतात तेही भल्या पहाटे, कारण ऊन चढलं की चिकाची धार मंदावते. आपल्याकडे एप्रिलात सकाळी नऊला काय होतं ते वावरात जाऊन बघा.

रोपांचा फोटो काकाजींच्या मोबाइलवर पाहिला. जाड, चकचकीत, एकेकटं पान, शेंड्याला लालसर टोपण. अहो, हे बंगल्यासमोरच्या कुंडीतलं फायकस! त्याच्याही चिकात रबर असतं, इंग्रजांनी 1873 पासून आसामात चारद्वारला त्याची लागवडही केली होती. पण हेवियापुढे ते टिकलं नाही. हेवियाचं पान बेलासारखं त्रिदळी असतं. एवढं तरी बघून पैसे द्यायचे!

कुणी म्हणेल, मग आपल्या बांधावरच्या रुईच्या झाडाच्या चिकाचं रबर काढू? सोडून द्या. तो चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, लेकरांना लांब ठेवा.

माल सरकार घरून उचलणार, हेही खोटं. रबर बोर्ड संशोधन करतं, सल्ला देतं. तुमचा माल घ्यायला दारात येत नाही. भाव 2011 मध्ये किलोला 200 च्या वर होता, 2016 च्या सुरुवातीला 100 च्या खाली आला. केरळ सरकारला 2015 मध्ये 150 रुपयांची आधार योजना आणावी लागली, ती काय शेतकरी कोट्यधीश झाले म्हणून?

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. कोरड्या मुलखात रबर देणारं झुडूप आहे: ग्वायुले, मेक्सिको-टेक्सासकडचं, आपल्या गाजरगवताचंच भावंड. पण त्याला चिरून चीक मिळत नाही. अख्खं झुडूप कापून, दळून रबर काढावं लागतं, म्हणजे कारखानाच हवा. मेसेजवाला ते विकतही नाही.

रोपवाला उरलेल्या पैशाला आला की वाण विचारा. केरळात आरआरआयआय 105 सारख्या वाणांची डोळा भरलेली कलमं लावतात. याला नाव सांगता आलं नाही तर आधी ॲडव्हान्स परत मागा.