'स्पष्टवक्ता' यांच्या कमेंटला उत्तर (लांबलंय, माहितीये)

रोमन नाण्यांवर कोरलेल्या पूजासाहित्यावर मी मागे जो लेख टाकला होता त्याखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने एक कमेंट आलीये. बऱ्याच जणांनी मला स्क्रीनशॉट पाठवून विचारलं की उत्तर देणार का. देणार. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कमेंट इथे जशीच्या तशी देते:

"लेख वाचला. घरच्या देव्हाऱ्यातून रोमकडे बघणाऱ्या हौशी गृहिणीचं लेखन. ही चिन्हं म्हणजे निव्वळ राजकीय जाहिरात होती, धर्माशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता, हे प्राथमिक अभ्यास केलेला कुणीही सांगेल. पायलेटच्या नाण्यांवर एक ओळ लिहून पळ काढलाय. फोटोंना मापं नाहीत. भारतात सापडलेल्या नाण्यांचा उल्लेख उगाच आपल्याकडे ओढून आणलेला."

तर स्पष्टवक्ते साहेब (किंवा ताई, नाव लपवलंय तर मला कसं कळणार), पहिली गोष्ट, फोटोंना मापं नाहीत हे एकदम मान्य. टाकायला हवी होती, आता टाकलीयेत. देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं, साधारण १८-१९ मिलिमीटरचा, वजन ४ ग्रॅमच्या जरा आतबाहेर, म्हणजे त्यावर चार-चार वस्तू कोरणारा माणूस काय डोळ्यांचा असेल बघा. बघितलंत, चांगली सूचना असेल तर मी लगेच घेते.

आता 'हौशी गृहिणी'. मी आयुष्यभर नोकरी केली, गृहिणी नाही, आणि असते तरी काय बिघडलं असतं? नाण्याला काय कळतं की बघणारीने सकाळी कुकर लावलाय का? हौशी म्हणालात ते ठीक आहे, हौस आहेच, पगार कुणी देत नाही मला याचा. पण तुम्ही ज्या टोनमध्ये लिहिलंय ना, "प्राथमिक अभ्यास केलेला कुणीही सांगेल", हा टोन मी ओळखते. स्वतः एकही नाणं, एकही साल, एकही नाव न देता समोरच्याला गप्प बसवायचा टोन आहे हा. अख्ख्या कमेंटमध्ये तुम्ही एका नाण्याचं वर्णन केलेलं नाही. एकाही. "कुणीही सांगेल" म्हणताय तर तुम्हीच सांगायचं की!

बरं, तुम्ही नाही सांगत तर मी सांगते. तुमचं ते एक वाक्य घेऊया, "निव्वळ राजकीय जाहिरात, धर्माशी काडीचाही संबंध नाही".

सीझरचा हत्तीवाला देनारियस. इ.स.पू. ४९, सीझर रुबिकॉन नदी ओलांडून रोमवर चालून गेला त्याच्या आसपासचा, यादवी युद्धात सैनिकांचे पगार भागवायला पाडलेला, आणि एवढ्या प्रमाणात की आजही लिलावांमध्ये सारखा दिसतो. एका बाजूला हत्ती, पायाखाली साप की ड्रॅगन, खाली सीझर हे नाव. दुसऱ्या बाजूला चार वस्तू: वाइन अर्पण करायची लांब दांड्याची पळी म्हणजे सिम्पुलम, पाणी शिंपडायचा कुंचा म्हणजे अ‍ॅस्परजिलम, बळीची कुऱ्हाड, आणि एपेक्स, म्हणजे वर टोक असलेली पुरोहिताची टोपी. आता जाहिरात आहे का? आहेच. मी लेखात पण लिहिलं होतं की आहे, तुम्ही तो पॅरा वाचला नसणार. सेनेटने ज्याला शत्रू ठरवलं तो माणूस सैनिकाच्या हातात नाणं ठेवून सांगतोय की मी बंडखोर नाही, मी रोमचा पाँटिफेक्स मॅक्सिमस आहे, मुख्य पुरोहित. पण जाहिरात करताना माणूस तीच गोष्ट पुढे करतो जिची बघणाऱ्याला किंमत आहे. सैनिकाला पुरोहितपणाची काडीची किंमत नसती तर सीझरने पळी आणि कुंचा कशाला कोरला असता, गॉल जिंकल्याचं काहीतरी कोरून मोकळा झाला असता (तेही कोरलंय त्याने, नंतरच्या नाण्यांवर).

आणि त्या नाण्यावर काय नाहीये ते बघा. लिटुअस नाहीये. लिटुअस म्हणजे ऑगरची वरून वळलेली काठी, पक्ष्यांवरून आणि आकाशातून शकुन बघणारे ऑगर आभाळाचे भाग पाडायला ती वापरायचे. का नाहीये? कारण सीझर तेव्हा ऑगर नव्हता! इ.स.पू. ४६ च्या नाण्यावर, धान्याची देवी सिरीस हिचं मुख असलेल्या, मागे ऑगर आणि पाँटिफेक्स मॅक्सिमस अशी दोन्ही बिरुदं लिहिली आहेत आणि तिथे पळी, कुंचा, सुरई आणि लिटुअस, सगळं हजर. म्हणजे जे पद मिळालं तेवढंच साहित्य नाण्यावर. नुसती शोभा असती किंवा तुम्ही म्हणता तशी नुसती जाहिरात असती तर ४९ मध्येच काठी टेकवून दिली असती, कोण अडवणार होतं त्याला? टांकसाळ त्याची, सैन्य त्याचं.

नीरोचं नाणं घ्या. इ.स. ५० ते ५४ मधलं, सम्राट क्लॉडियसने दत्तक घेतलेला पोरगा, अजून सम्राट नाही. नाण्यावर पळी, तिपाई, लिटुअस आणि पटेरा म्हणजे अर्पण करायची उथळ थाळी. भोवती मजकूर की सेनेटच्या ठरावाने याला सर्व पुरोहित मंडळांमध्ये जादाचा सभासद म्हणून घेतलंय. चार मोठी मंडळं, चार वस्तू. पळी पाँटिफेक्सांची, काठी ऑगरांची, तिपाई सिबिलच्या भविष्यवाणीच्या ग्रंथांची राखण करणाऱ्या पंधरा जणांच्या मंडळाची, थाळी देवांची मेजवानी घालणाऱ्या सात जणांची. हिशोब इतका काटेकोर आहे. जागा रिकामी नव्हती म्हणून 'जादाचा' हा शब्दसुद्धा नाण्यावर घातला त्यांनी.

तुमची खरी अडचण मला वाटतं वेगळीच आहे. तुम्हाला धर्म एका खोलीत आणि राजकारण दुसऱ्या खोलीत हवंय. रोममध्ये तशा खोल्याच नव्हत्या. पाँटिफेक्स मॅक्सिमसची निवडणूक व्हायची, मतं पडायची, सीझरने इ.स.पू. ६३ मध्ये कर्ज काढून पाण्यासारखा पैसा ओतला, चरित्रकार सुएटोनियस सांगतो की सकाळी निघताना आईला म्हणाला, येईन तर पाँटिफेक्स होऊनच येईन नाहीतर येणार नाही. झालं राजकारण, नाही का? पण तीच निवडणूक कशी व्हायची बघा. ३५ ट्राइब होत्या, म्हणजे नागरिकांचे मतदार विभाग, त्यातल्या चिठ्ठ्या टाकून फक्त १७ ट्राइबना मत द्यायचा हक्क. १७ का? कारण ३५ च्या निम्म्याहून कमी. अख्ख्या जनतेने पुरोहितपद द्यायचं नाही हा धार्मिक संकेत, मग मुद्दाम निम्म्याहून कमी लोक बोलवायचे, म्हणजे जनतेने दिलं असं म्हणता येणार नाही आणि निवडणूक पण झाली. त्या काळचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो, त्याने हे भाषणात सांगितलंय. निव्वळ राजकारण असतं तर एवढा खटाटोप कोण करेल?

आणि लेपिडस, सीझरचा साथीदार. हा तर माझा हुकमाचा पत्ता आहे आणि लेखात मी मुद्दाम वापरला नव्हता. सीझरच्या खुनानंतर लेपिडस पाँटिफेक्स मॅक्सिमस झाला. इ.स.पू. ३६ मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढे जो पहिला सम्राट ऑगस्टस झाला त्याने, त्याचं सैन्य काढून घेतलं, सत्ता काढून घेतली, रोमबाहेर एका गावात नेऊन बसवला. पण पुरोहितपद काढलं नाही. का तर ते पद मरेपर्यंतचं. ऑगस्टस थांबला. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस एका निवृत्त म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघत थांबला आणि इ.स.पू. १२ मध्ये, लेपिडस गेल्यावर, स्वतः पाँटिफेक्स मॅक्सिमस झाला. वीस वर्षांवर! तुम्ही म्हणाल लोक काय म्हणतील म्हणून थांबला. बरोबर, पण मग लोकांना फरक पडत होता ना? काडीचा संबंध नव्हता म्हणता ना तुम्ही?

सीझरचा जुना साथीदार मार्क अँटनी पण बघा, ऑगस्टसशी शेवटची लढाई लढायच्या आधी फौजेच्या पगारासाठी जी जहाजवाली नाणी पाडली, चांदीत भेसळ करून, त्यावरही ऑगर हे बिरुद सोडलं नाही त्याने.

हो, उलटी उदाहरणं पण आहेत, मला माहिती नाहीत असं समजू नका. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरच्या जोडीचा कॉन्सल (रोमचा वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी) बिब्युलस, त्याने घरात बसून मी आकाश बघतोय, शकुन बघतोय असं जाहीर करून सीझरचे कायदे अडवायचा प्रयत्न केला, आणि सीझरने, जो स्वतः मुख्य पुरोहित होता, ते धाब्यावर बसवलं. सिसेरो स्वतः ऑगर होता आणि शकुनांवर शंका घेणारं पुस्तकही त्यानेच लिहिलं. पुरोहित आपल्या मित्राचा कार्यकाळ वाढवायला वर्षात जादा महिना घालायचे, इतका घोळ की इ.स.पू. ४६ साली सीझरला एक वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं कॅलेंडर ताळ्यावर आणायला. मग? माणसं लबाड होती म्हणून धर्म नव्हता?

इथे मला जरा घरचं सांगावं लागतंय, देव्हारा तुम्हीच काढलात म्हणून. माझे वडील वाईला भिक्षुकी करायचे. आमच्या घराण्याची ठरलेली यजमानांची घरं होती आणि त्यावरून दुसऱ्या घराण्याशी भांडण होतं, पार कोर्टात गेलेलं, आजोबांच्या काळापासूनचं. कुठल्या घरी कुणी जायचं, दक्षिणा कुणाची, सगळं पैशाचं आणि मानाचं राजकारण, माझ्या लहानपणी जेवताना तोच विषय असायचा. आणि तेच वडील सोवळ्यात असताना आम्ही पोरं चुकून शिवलो तर परत अंघोळ करायचे, भर थंडीत, कुणी बघत नसताना. मुलगी म्हणून मला मंत्र शिकवला नाही पण ताम्हन-पळी चिंच लावून घासायचं काम माझंच होतं, त्यामुळे पूजेचं भांडं म्हणजे काय, त्याच्यात पोट किती आणि देव किती, हे मला पुस्तकात बघावं लागत नाही. तुम्ही कुठल्या घरात वाढलात मला माहीत नाही. पण माझ्या वडिलांना कुणी म्हणालं असतं की तुमचं सगळं निव्वळ दक्षिणेसाठी आहे तर त्यांनी त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं असतं, आणि निव्वळ श्रद्धा आहे म्हणालं असतं तर हसले असते.

बाकीचे मुद्दे पटकन.

पायलेट, म्हणजे येशूच्या काळचा जुडियाचा रोमन गव्हर्नर. पळ नाही काढला, तो त्या लेखाचा विषयच नव्हता. त्याच्या छोट्या ब्राँझ नाण्यांवर पळी आहे (इ.स. २९-३०) आणि पुढच्या दोन वर्षांच्या नाण्यांवर लिटुअस आहे, हे मी लिहिलं होतं. ज्यूंना मुद्दाम डिवचायला केलं का, यावर भांडणारे भरपूर आहेत, तुम्हीही जाऊन भांडा.

भारत "ओढून आणलेला". अहो, ऑगस्टसच्या ज्या देनारियसवर त्याचे दोन दत्तक मुलगे गायस आणि लुसियस ढाली-भाले घेऊन उभे आहेत, त्यांच्या डोक्यावर मधल्या जागेत काय आहे? पळी आणि लिटुअस. गायस पाँटिफेक्स, लुसियस ऑगर, पोरं विशीच्या आतबाहेरची. फ्रान्समधल्या आजच्या लियाँला ही नाणी पाडली आणि दक्षिण भारतात रोमन चांदीचे जे साठे सापडलेत त्यात हाच प्रकार आणि ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याचा पाँटिफेक्स मॅक्सिमस लिहिलेला देनारियस, हे दोन सगळ्यात जास्त. एकट्या अक्कनपल्लीला, नलगोंडा जिल्ह्यात, १,५३१ देनारियस निघाले. आपल्याकडच्या कारागिरांनी त्या गायस-लुसियसच्या नकलासुद्धा पाडल्या, अक्षरं न कळता नुसत्या रेघा ओढून. हे मी ओढून आणलं का? दोन हजार वर्षांपूर्वी मिरीच्या बदल्यात जहाजाने आलंय ते. उलट रोमन पूजासाहित्य कोरलेलं नाणं जगात कुठे ढिगाने गेलं असं विचारलं तर आपलं नाव वर येईल, त्याबद्दल मराठीत लिहायचं नाही तर कशाबद्दल लिहायचं?

तुमची कमेंट डिलीट केलेली नाही, करणार पण नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा "कुणीही सांगेल" नको, नाणं सांगा, साल सांगा, आणि ऑगस्टस लेपिडसच्या मरणापर्यंत का थांबला ते तुमच्या थिअरीत कसं बसतं ते सांगा. तोपर्यंत मी इतरांच्या कमेंटांना उत्तरं देते, बरीच साचलीयेत. नीरोच्या तिपाईबद्दल ज्यांनी विचारलं होतं त्यांना आज रात्री लिहिते.