‘अर्ध्या दिवसाचं काम’: वैतागलेल्या टेस्टरना उत्तर

टेस्टरराव,

(प्रतिक्रियेखाली ‘वैतागलेला टेस्टर’ एवढंच नाव आहे, तेव्हा हाक हीच मारतो. उत्तराला आठवडा लागला, आमचं रिलीज चालू होतं.)

इतरांसाठी आधी थोडक्यात. आमच्या अमेरिकन क्लायंटच्या ॲपमध्ये कर्मचाऱ्याचं पेरोलचं (म्हणजे पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या पोर्टलवरचं) खातं जोडणारा तयार कंपोनंट, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेला तयार भाग, बसवणं हे ‘अर्ध्या दिवसाचं काम’ आहे, असं मी मागच्या लेखात लिहून बसलो. टेस्टररावांचे त्यावर तीन आक्षेप: हे धादांत खोटं आहे, कर्मचाऱ्याला पेरोलचा पासवर्ड परक्या पडद्यावर टाकायला लावणं म्हणजे सभ्य कपड्यातलं फिशिंग आहे, आणि आपल्याकडे अकाउंट ॲग्रिगेटर (माणसाच्या संमतीने त्याचा बँकेतला डेटा दुसऱ्या संस्थेला पोचवणारी व्यवस्था) असताना या जुगाडाचं कौतुक कशाला.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. अर्ध्या दिवसात पडदा उघडतो, इतकंच. सर्व्हरवर युजर तयार करायचा, त्याच्या नावाचं थोड्या वेळापुरतं टोकन (एक प्रकारचा डिजिटल पास) घ्यायचं, ते ॲपला द्यायचं, ॲपने एसडीकेला, म्हणजे कंपोनंटच्या ॲपमध्ये बसवलेल्या कोडला. माणूस आपली कंपनी शोधतो, लॉगिन करतो, खातं जोडलं जातं. सँडबॉक्समध्ये, म्हणजे खोट्या खात्यांच्या चाचणीच्या जागेत, हे पहिल्या फटक्यात चालतं. पण सँडबॉक्समधला माणूस ओटीपी बघायला कधी ॲपबाहेर जात नाही.

खरा माणूस जातो. आमच्या टेस्टिंगमधली एक बाई जुन्या, तीन जीबी रॅमच्या अँड्रॉइडवर होती. लॉगिन केलं, ‘मेसेजमधला कोड टाका’ आलं, ती मेसेजमध्ये गेली, कोड पाठ करत परत आली, तर समोर ॲपचा पहिला पडदा. मधल्या दहा-पंधरा सेकंदांत मेमरी मोकळी करायला सिस्टिमने आमची प्रोसेस, म्हणजे चालू असलेलं ॲपच, मारली होती. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. काही प्रयत्नांनंतर पेरोलच्या पोर्टलने तिचं खातंच लॉक केलं, आणि आता तिला स्वतःची सॅलरी स्लिपही दिसेना. तिच्या दृष्टीने हा पराक्रम आमच्या ॲपचा, आणि तिचं चुकलं कुठे?

तुम्ही विचारलंय, ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ (ॲपबाहेर जाताच त्याचा पडदा मोडून टाकणारं अँड्रॉइडचं चाचणीचं सेटिंग) चालू करून बघितलं नव्हतं का? बघितलं होतं, तिथेच फसलो. त्या सेटिंगने ॲक्टिव्हिटी, म्हणजे पडदा, मोडते, पण प्रोसेस जिवंत राहते, त्यामुळे मेमरीत ठेवलेलं टोकन शाबूत होतं आणि सगळं हिरवं दिसत होतं. ॲप मागे टाकून ‘एडीबी शेल एएम किल’ ही प्रोसेसच मारणारी कमांड कॉम्प्युटरवरून दिली तेव्हा लगेच पडलं. आता प्रवास कुठवर आला याची नोंद सर्व्हरवर राहते, परत आल्यावर ॲप नवं टोकन मागतं आणि ‘मघाशी अर्धवट राहिलं होतं, पुढे जायचं?’ असं विचारतं. कोड पुन्हा मागवावा लागतो, त्याला इलाज नाही. पण माणूस सैरभैर होत नाही.

दुसरी चूक तुमच्या नजरेतून सुटली, मीच सांगतो. एसडीके ‘खातं जोडलं’ हा कॉलबॅक (ॲपला आतल्या आत दिलेली सूचना) देतो, नंतर माणसाने पडदा मिटला की ‘बंद झालं’ हाही देतो. मी ‘बंद झालं’चा अर्थ ‘माणसाने रद्द केलं’ असा लावून ठेवला होता. त्यामुळे ज्यांचं खातं व्यवस्थित जोडलं गेलं त्यांनाच ‘जोडता आलं नाही’ असा लाल संदेश जायचा. आता कॉलबॅकवर विश्वास फक्त पडदा हलवण्यापुरता. खातं खरोखर जोडलं का, पगाराचा डेटा आला का, हे वेबहुकवरूनच, म्हणजे कंपोनंटवाल्या कंपनीकडून थेट आमच्या सर्व्हरवर येणाऱ्या निरोपावरूनच, ठरतं. डेटा यायला वेळ लागतो, तेवढा वेळ ‘तपासतोय’ म्हणायला लाजू नये.

आणखी एक गोष्ट आपल्याला इथे पुण्यात बसून सुचत नाही. अमेरिकेतल्या माणसाला आपला मालक ठाऊक असतो. पेरोल एडीपी, पेचेक्स, गस्टो यांपैकी कोणत्या पेरोल कंपनीकडे आहे, हे सगळ्यांना सांगता येतंच असं नाही. त्यातून तो बर्गरच्या एखाद्या साखळीत कामाला असेल तर पाटीवर नाव साखळीचं, पगार देणारा मात्र गावातला फ्रँचायझीवाला, आणि त्याचं पेरोल भलतीकडेच. म्हणून शोध पडद्यावर ‘माझी कंपनी सापडत नाही’ हा रस्ता पहिल्या दिवसापासून हवा. आम्ही तो बराच उशिरा केला.

आता फिशिंग. इथे मी तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. पासवर्ड आमच्या सर्व्हरवर येत नाही, तो कंपोनंटवाल्या कंपनीकडे जातो, आणि माणसाला तसं आधी सांगितलं जातं. पण तुमच्या अस्वस्थतेला आधार आहे. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचा आरएफसी ८२५२ हा दस्तऐवज, २०१७ सालचा, मोबाइल ॲपमधल्या ओऑथसाठी (पासवर्ड न देता एका ॲपला दुसरीकडच्या खात्यात प्रवेश देण्याच्या पद्धतीसाठी) स्पष्ट सांगतो की लॉगिन ॲपच्या पोटातल्या वेबव्ह्यूत, म्हणजे ॲपमध्येच उघडणाऱ्या वेबपानात, नको, फोनच्या ब्राउझरमध्ये हवं; कारण वेबव्ह्यूत काय टाइप होतंय हे यजमान ॲपला वाचता येतं. बँक खाती जोडणाऱ्या प्लेडवर अमेरिकेत दावा झाला त्यात एक आरोप असाच होता, की लॉगिनचा पडदा बँकेचाच वाटेल असा केला होता. कंपनीने आरोप नाकारले, पण ५ कोटी ८० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे ‘लोक वाचतच नाहीत, टाकतात’ या तुमच्या वाक्याला वजन आहे.

तुमच्या टोमण्यामुळे एक भोक सापडलं, त्याबद्दल आभार. आमच्या ॲपमध्ये माणसाचा वावर रेकॉर्ड करणारं ॲनालिटिक्स आहे. कंपोनंटचा पडदा उघडा असताना ते बंद करायला हवं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पासवर्डचे ठिपके दिसले असते, युजरनेम मात्र पूर्ण. गेल्या मंगळवारी बंद केलं.

अकाउंट ॲग्रिगेटरबद्दल. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली त्याचे नियम केले, २०२१ च्या सप्टेंबरात ते प्रत्यक्ष सुरू झालं. संमतीची रचना म्हणून ते सरस आहे, वाद नाही: बँकेचा पासवर्ड कुणालाच द्यावा लागत नाही, आणि मधल्या ॲग्रिगेटरला डेटा वाचताही येत नाही. पण बँकेकडून मिळतं ते स्टेटमेंट. त्यात पगार म्हणजे जमेची एक ओळ. आमच्या क्लायंटला हवे असतात कामाचे तास, ओव्हरटाइम, कपाती. कारण तिकडे तासावर काम करणाऱ्याचा दर पंधरवड्याचा चेक सारखा नसतो. शिवाय पगार कोणत्या खात्यात पडावा हे तिकडे पुष्कळ ठिकाणी कर्मचारी पोर्टलवर स्वतः बदलतो, आणि हा कंपोनंट तेही करून देतो. आपल्याकडे त्यासाठी एचआरला मेल टाकून वाट बघायची. प्रश्नच वेगळे आहेत हो.

मागच्या लेखातलं ते वाक्य मी पुसलेलं नाही, त्यावर काट मारून खाली ‘सहा आठवडे’ लिहिलं आहे. तुम्ही कोणत्या फोनवर टेस्टिंग करता ते जमलं तर कळवा. आमचा तीन जीबीवाला परवापासून चार्ज होत नाहीये.