माझ्या पोटाचे नऊ खण

पोरगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा ऐन मे महिन्यात, आणि कॉलेजातला हाडांचा सापळा काही एसटीत बसवून गावी आणता येत नाही. म्हणून मी.

"बाबा, सरळ उभे राहा. हात खाली, तळवे समोर."

पुस्तकातलं शरीर असंच उभं असतं म्हणे. आणि डावं-उजवं पाहणाऱ्याचं नाही, त्या शरीराचं धरायचं. मी अंगणात तळवे दाखवत उभा. शेजारचे भाऊ फाटकातून म्हणाले, "काऊन गा, काय मागून राह्यला?"

हाडं २०६. जन्मतः जास्त असतात, मग मोठं होता होता काही जुळून एक होतात. आमच्या घराण्यात नेमकं उलट झालं. शेताच्या धुऱ्यावर जाऊन वाटण्या पाहा. सगळ्यात लहान हाड कानात, जेमतेम ३ मिलिमीटरचं. "तरीच," आतून बायको म्हणाली.

मग काळजावरून वाजलं. मटणवाल्याकडे कलेजी मागितली की तो यकृत देतो, हे मला कबूल. मग सातबारा काढायला गेलो की तलाठ्यासमोर माझं जे धडधडतं ते काय? "ते हृदय, बाबा. काळीज इथं, उजव्या बरगड्यांखाली." ते पित्त तयार करतं, तेही तूप-तेल पचवायला. म्हणजे आजवर माझं जे खवळत होतं त्याचा रागाशी काही संबंध नव्हता! मला जरा पोरकं वाटलं.

खरी गत पुढं झाली. पोटाचे नऊ भाग असतात, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. तिनं बनियन वर करायला लावलं आणि फुल्ली-गोळ्याचा डाव आखावा तसं पोट आखलं. वरच्या उजव्या खणात काळीज, डावीकडे पानथरी म्हणजे प्लीहा, खाली उजवीकडे अपेंडिक्स, मधोमध बेंबी. बाहेर पंचेचाळीस डिग्री, मी घामानं निथळलेलो. पोरगी खूश. "पाहा बाबा, आतलं सदतीसच्या आसपासच ठेवून राह्यलं शरीर! घाम उडतो, उष्णता घेऊन जातो. आपल्या कूलरचा वाळा तेच करते." आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की दोघंही फेल. हे मात्र पटलं. आमचा कूलर जुलैत नुसता आवाज करतो.

इतक्या घामातही रेघा फिसकटल्या नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तिनं घेतला होता तुरीच्या पोत्यांवर नाव टाकायचा मार्कर. साबण झाला, रॉकेल झालं, बायकोनं नारळाची शेंडीही फिरवली.

पोरगी परीक्षेला गेली, खण राहिले. आता गल्लीत कोणाचं पोट दुखलं की तो आधी आमच्या ओसरीवर येतो. मी बनियन वर करतो, तो बोट ठेवून सांगतो, "इथं दुखून राह्यलं." काल एक म्हातारी पाचव्या खणावर बोट रोवून बराच वेळ बोलत होती. मला गुदगुल्या होतात, पण हसलो तर ती म्हणते, "माह्या दुखण्यावर हासतं काय रे?"