ट्रेडेगरचे तीन पेन्स आणि डिचोलीचा खनिज निधी

गोव्यात खाणींचा विषय निघाला की सगळा वाद एकाच प्रश्नाशी अडतो: खाणी चालाव्यात की नाही? 2012 ची बंदी, फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले 88 खाणपट्टे, मग लिलाव. दर वेळी तेच दोन तट. ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये राहून हे वाचताना एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. खाण चालू असताना गावाच्या वाट्याला काय येतं आणि ते कोणाच्या ताब्यात राहतं, हे कुणीच नेटाने विचारत नाही.

इथलं ट्रेडेगर हे लोखंड आणि कोळशावर वाढलेलं छोटं गाव. त्याची टाय ट्रिस्ट खाण 1959 मध्ये बंद झाली, पोचिन 1964 मध्ये. पण या गावाची खरी कमाई म्हणजे 1890 मध्ये उभी राहिलेली ट्रेडेगर मेडिकल एड सोसायटी. पगाराच्या दर पौंडामागे 3 पेन्स कापले जायचे. तेव्हाच्या पौंडात 240 पेन्स होते, म्हणजे हा वाटा सव्वा टक्का. एवढ्यावर संस्थेने पाच डॉक्टर, एक सर्जन, दोन औषधनिर्माते, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि घरोघरी जाणारी नर्स नेमली होती. गावातल्या सुमारे 24,000 लोकांपैकी जवळजवळ 23,000 लोकांच्या उपचारांची सोय तिच्याकडे होती. तेरा वर्षांचा असताना याच गावात खाणीत उतरलेला अन्युरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला. 5 जुलै 1948 ला त्याने ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा हा नमुना त्याच्या डोळ्यांसमोर होता.

पगारातून डॉक्टरसाठी पैसे कापण्याची पद्धत वेल्सच्या खोऱ्यांत आधीपासून होती, पण बहुतेक ठिकाणी डॉक्टर कंपनी निवडायची. ट्रेडेगरला डॉक्टर कोण, त्याला पगार किती, हे कामगारांची समिती ठरवू लागली. वर्कमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे कामगारांचं सभागृह, आणि तिचं वाचनालयही वर्गणीवरच उभं होतं.

अर्थात या रचनेचा एक कच्चा दुवा होता. पैसा पगारातून येत असल्यामुळे पगार थांबला की निधीही आटायचा. 1926 च्या टाळेबंदीत आणि त्यानंतरच्या मंदीत खोऱ्यांतल्या अशा सगळ्याच संस्थांची ओढाताण झाली. म्हणून चांगल्या वर्षांत शिल्लक बाजूला ठेवणं ही चैन नव्हे.

आता गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीकडे या. 2015 मध्ये खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज निधी आला. लिलावातल्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या, म्हणजे खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या, 10 टक्के एवढे पैसे त्यात भरावे लागतात. लोहखनिजावर रॉयल्टी 15 टक्के आहे, म्हणजे 100 रुपयांच्या मालामागे दीड रुपया. तिथे टक्केवारी पगारावर होती, इथे मालाच्या किमतीवर आहे, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना होत नाही. मोठा फरक ताब्यात आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या निधीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्यांत खासदार-आमदार. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात, खर्चाच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी बंधनकारक आहे, म्हणून गडचिरोलीतल्या आदिवासी गावांच्या हाती निदान कागदावर तरी हा अधिकार आहे. गोव्यात अनुसूचित क्षेत्रच नाही, त्यामुळे पिसुर्ले, मये, शिरगावच्या लोकांना तोही नाही. खाणबाधितांच्या नावाने जमणाऱ्या पैशावर खाणबाधितांचा अधिकार नसावा, हे मला अजिबात पटत नाही.

डंपचं, म्हणजे खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीच्या ढिगांचंही तेच. ट्रेडेगरहून पश्चिमेला काही खोरी ओलांडली की अबरफॅन लागतं. तिथे 21 ऑक्टोबर 1966 ला कोळसाखाणीच्या कचऱ्याचा सात नंबरचा ढीग शाळेवर कोसळला. 144 जण गेले, त्यांत 116 मुलं होती. ढीग झऱ्यावर रचलेला होता. पाण्याने आतला बारीक गाळ भिजून पातळ झाला आणि वाहत सुटला. उरलेले ढीग हलवायला सरकारने मृतांच्या कुटुंबांसाठी जमलेल्या मदतनिधीतून 1,50,000 पौंड घेतले आणि ते परत केले थेट 1997 मध्ये. वेल्समध्ये आजही असे अडीच हजारांहून जास्त ढीग आहेत, आणि खाणी केव्हाच बंद होऊनही त्यांच्या देखरेखीचा खर्च सुटलेला नाही.

गोव्यात पाऊस वेल्सपेक्षा जास्त आणि तोही चार महिन्यांत. डंपच्या माथ्यावर भेग पडली, पायथा फुगला किंवा तिथून नव्याने गढूळ पाणी पाझरू लागलं, तर उतार सरकण्याची ती पूर्वसूचना असते. माथ्याभोवतीचे चर आणि पायथ्याच्या गाळकुंड्या मे महिन्यातच उपसल्या नाहीत, तर जुलैत लाल गाळ भातशेतीत उतरतो. कुंडी भरली की ती असून नसल्यासारखीच.

निदान येत्या ग्रामसभेत ठराव करून दोन गोष्टी मागता येतील. आपल्या गावापुरता खनिज निधीचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जावा. आणि हद्दीतल्या प्रत्येक डंपची यादी मिळावी: मालक कोण, उंची किती, पाणी कुठे उतरतं, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि खाणपट्टा संपल्यावर खर्च कोण करणार. ज्या डंपपुढे मालकाचं नाव नसेल, त्याची दुरुस्ती या पावसाळ्याआधी निधीतून करून घ्यावी.