कामाच्या जागेतली हवा हा 'मालकाचा खासगी मामला' नाहीये

"बंद जागेतल्या हवेवर सरकारी पैसा म्हणजे उधळपट्टी, बाहेरच्या प्रदूषणाला कोट्यवधी दिलेत की, आतलं मालक बघेल, ऑफिसात झाडं ठेवा आणि कामगारांनी मास्क लावावा" असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, त्याला एकेक करून उत्तर देतो.

बाहेरसाठी पैसे दिलेत, खरंय. 2019 ला एनकॅप, म्हणजे शहरांतली बाहेरची हवा सुधारायची केंद्राची योजना, सुरू झाली. पण सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने 2024 ला तिचा हिशोब मांडला तर 64 टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही, आणि कारखान्याच्या शेडमध्ये माणूस आठ तास जी हवा घेतो ती तर या योजनेत मोजतच नाहीत.

खासगी मामला? मग 2016 ला उज्ज्वला कशाला आणली? चुलीचा धूर घरातलाच होता ना, तिथे पैसा घातला ते योग्यच केलं.

झाडांचं म्हणाल तर झाडं आतली हवा साफ करतात हे ज्यावरून म्हणतात तो नासाचा 1989 चा प्रयोग बंद पेटीतला होता. 2019 च्या आढाव्यात निघालं की नेहमीच्या हवा खेळण्याने जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. ठेवा कुठे ठेवताय.

आता मास्क, आणि इथे मला खरंच राग येतो. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) बघा, वाळूचे साचे फोडताना, फेटलिंग करताना (ओतलेला भाग घासून साफ करताना) जी सिलिका, म्हणजे वाळूची बारीक धूळ, उडते त्यातली सगळ्यात घातक धूळ डोळ्याला दिसतसुद्धा नाही, कापडी मास्क ती अडवत नाही आणि भट्टीजवळ आठ तास घट्ट रेस्पिरेटर (फिल्टरचा मास्क) लावून काम करणं कुणालाच झेपत नाही. धूळ उठते तिथेच एक्झॉस्टने ओढायची असते, हे 1948 च्या कारखाने कायद्यातच लिहिलं होतं. खर्च मालकाचा, मान्य, पण तो करतोय का हे तपासायला इन्स्पेक्टर, हवेचे नमुने घ्यायचे पंप, लॅब, सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) ओळखणारे डॉक्टर कोण देणार? आणि पाच-सहा माणसांच्या शेड तर बहुतेक या तपासणीतून सुटतातच.

सिलिकोसिस बरा होत नाही, कित्येकांना टीबी समजून गोळ्या दिल्या जातात. राजस्थान सरकार 2019 च्या धोरणानुसार अशा रुग्णाला 3 लाख देतं, म्हणजे सरकारी पैसा जातोच, फक्त फुफ्फुसं गेल्यावर. तो आधी द्या, छोट्या शेडना एक्झॉस्टसाठी अनुदान आणि कामगारांना दरवर्षी छातीची फुकट तपासणी.