अपडेट फुकट असेल, पण मावशीच्या फोनला ते मिळायला तर हवं

परवा भाच्याने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली लिहिलं "मामा, वाच जरा". हाच मेसेज मला आधी तीन जणांनी पाठवलाय. म्हणणं काय, तर वेब डेव्हलपरांनी जुन्या ब्राउझरना सपोर्ट देणं साफ बंद करावं, कारण अपडेट फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, न करणारे आळशी. असे लोक जेमतेम एक टक्का. त्यांच्यापायी साइट सगळ्यांनाच स्लो होते. जुना ब्राउझर असुरक्षित, म्हणून त्यांना बाहेर ठेवणं त्यांच्याच भल्याचं. आणि यूट्यूबने आयई 6 ला, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या व्हर्जनला, घालवलं तसं आपणही घालवावं. भाचा नुकताच पणजीत फ्रंटएंडच्या, म्हणजे साइटचा लोकांना दिसणारा भाग बनवायच्या, कामाला लागलाय. तो हे खरं मानून चालला तर उद्या त्याच्या हातून माणसं अडतील, म्हणून लिहितोय.

आधी त्या "आळशी" शब्दाबद्दल, कारण माझं डोकं तिथेच फिरलं.

माझी मावशी गोव्यात वाळपईच्या पुढे राहते, भाच्याची ती आजीच लागते. फोन 2018 चा, अँड्रॉइड 7, स्टोरेज 16 जीबी. पावसात गुडघे धरले म्हणून एका दवाखान्याच्या साइटवर अपॉइंटमेंट घ्यायला बसली. नाव घातलं, तारीख निवडली, बटण दाबलं, काही नाही. रेंज नसेल म्हणून छत्री घेऊन अंगणात तुळशीपाशी गेली, तिथे रेंज मिळते, परत दाबलं, परत दाबलं. मग मला फोन, "रेंज आसा रे, पूण बटण चलना."

रविवारी गेलो, फोन लॅपटॉपला जोडून कन्सोल, म्हणजे साइटच्या चुका दिसतात ती जागा, बघितला. एकच लाल ओळ, अनएक्स्पेक्टेड टोकन, आणि पुढे एक टिंब. कोडमध्ये कोणीतरी ?. लिहिलेलं, म्हणजे ऑप्शनल चेनिंग, कोड थोडक्यात लिहायची एक नवीन सोय. ते क्रोममध्ये आलं 80 व्या व्हर्जनला, फेब्रुवारी 2020 मध्ये, आणि मावशीचा क्रोम अडकलेला 78 वर. साइटचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसला एखादी ओळ कळली नाही तर ती सोडून पुढे जातं, बटणं चालवणाऱ्या जावास्क्रिप्टचं तसं नाही, व्याकरणात न बसणारं एक चिन्ह आलं की अख्खी फाइल टाकून देतं. त्यामुळे फॉर्म दिसत होता, भरता येत होता, पण बटणामागे कोणी नव्हतंच. साइट चढवण्याआधी कोड टूलमधून काढतात (बिल्ड), तेव्हा टार्गेट ईएस 2019, म्हणजे जावास्क्रिप्टची 2019 ची आवृत्ती, एवढी एक ओळ घातली असती तर टूलनेच ते टिंब जुन्या पद्धतीने लिहून दिलं असतं, कोणाला काही करावं लागलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मग अपडेट का नव्हतं केलं? स्टोरेज फुल. चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीचे फोटो, नातवंडांचे व्हिडिओ, आणि त्यातलं एकही तिला डिलीट करायचं नव्हतं. मी तासभर बसून सगळं लॅपटॉपवर घेतलं तेव्हा कुठे अपडेट झालं. म्हणजे अपडेट फुकट आहे हे अर्धं खरं, मान्य करतो. पण झालं कुठपर्यंत? क्रोम 119 पर्यंत. अँड्रॉइड 7 चा रस्ता 2023 मध्ये तिथेच संपला, 120 ला अँड्रॉइड 8 लागतं. ऑगस्ट 2025 मध्ये 139 आला तेव्हा अँड्रॉइड 8 आणि 9 वालेही मागे राहिले. ह्यांनी बटण कितीही दाबलं तरी पुढचं अपडेट येणार नाही. ह्यांच्यासाठी फुकट अपडेट म्हणजे नवीन फोन, आणि तो कोणी फुकट देत नाही.

तीच गोष्ट बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यांची. अर्धा गाव त्यांच्याकडे ऑनलाइन फॉर्म भरतो, आणि कितीतरी ठिकाणी अजून विंडोज 7 आहे, म्हणजे क्रोम 109 च्या पुढे वाट नाही. गंमत नाही, खरंच सांगतो, 109 मध्ये कंटेनर क्वेरीसारखी सीएसएसमधली बऱ्यापैकी नवीन सोयसुद्धा चालते. साइट व्यवस्थित चालली असती, पण कोणीतरी नुसता व्हर्जनचा आकडा बघून "तुमचा ब्राउझर सपोर्टेड नाही" असा पडदा लावून ठेवलेला असतो.

आता तो एक टक्का. ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके टीमने 2013 मध्ये मोजलं होतं की जावास्क्रिप्टचा फायदा किती जणांपर्यंत पोचत नाही. 1.1 टक्के. त्यातले फक्त 0.2 टक्के लोकांच्या ब्राउझरला जावास्क्रिप्ट चालत नव्हतं किंवा त्यांनी ते बंद केलेलं. उरलेल्या 0.9 टक्क्यांचा ब्राउझर ठीक होता, तरी स्क्रिप्ट चाललं नाही. कधी नेटवर्क अर्ध्यात तुटतं, कधी ऑफिसचा फायरवॉल अडवतो. मावशीच्या सत्तरी तालुक्यात पावसात काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. म्हणजे जावास्क्रिप्टशिवाय सबमिट होणारा साधा एचटीएमएल फॉर्म फक्त जुन्या फोनवाल्यांसाठी नाही, तो नवीन फोन घेऊन घाटात अडकलेल्यालाही लागतो. आणि साइटवर कोण आलं ते मोजणाऱ्या तुमच्या ॲनालिटिक्समध्ये मावशी दिसणार कशी? तो मोजणारा कोड त्याच फाइलमध्ये बांधलेला असेल तर तोही तिथेच मेला.

स्लो होण्याबद्दल थोडं तथ्य आहे. सगळ्यांच्या माथी सरसकट पॉलिफिल, म्हणजे जुन्या ब्राउझरला नवीन सोयी देणारा जादा कोड, मारले तर साइट जड होतेच, आणि परक्या सर्व्हरवरून आणले तर धोकाही असतो, 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन दुसऱ्याच्या हातात गेलं आणि लाखाच्यावर साइट्समधून घातक कोड पसरला. पण मग पॉलिफिल मोजून घाला ना, माणसं का काढताय?

सुरक्षेचा मुद्दा बँकेच्या साइटला लागू, टीएलएस 1.0 आणि 1.1, म्हणजे कनेक्शन गुप्त ठेवायच्या जुन्या पद्धती, बंद केल्या ते बरोबरच केलं. पण दवाखान्याचा फॉर्म अडवून मावशीचा फोन सुरक्षित होत नाही, फक्त तिची अपॉइंटमेंट जाते.

राहिलं यूट्यूब. 2009 मध्ये त्यांनी आयई 6 वाल्यांना ब्राउझर बदला अशी पट्टी दाखवली तेव्हा त्याच विंडोज एक्सपी मशीनवर आयई 7, आयई 8, फायरफॉक्स सगळं फुकट बसत होतं. लोकांना पुढे जायला जागा होती. आयई 11 मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला बंद केला, मीही सोडला, त्याचं मला दुःख नाही.

सगळीकडे सारखंच दिसावं असं मी म्हणतच नाही. मावशीच्या फोनवर सावल्या नकोत, ॲनिमेशन नको, फॉन्ट कसाही चालेल, पण फॉर्म गेला पाहिजे. भाच्या, येत्या रविवारी मी वाळपईला जातोय, तूही ये, आणि तू केलेली ती हॉटेलवाली साइट तिच्या फोनवर उघडून तिलाच बुकिंग करायला सांगू.