पन्नाशीची वाट पाहणारी फियाट

जुन्या गाड्यांवरून आपल्याकडे वाद पेटला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, पंधरा वर्षं झाली, आता भंगारात घाला. दुसरी म्हणते, मध्यमवर्गाने पोटाला चिमटा काढून घेतलेली गाडी सरकारला हिसकावून घ्यायची आहे. २०२५ च्या जुलैत दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं बंद केलं. लोक भडकले, काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तूर्त केवळ वयावरून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नका असं सांगितलं. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हा दुसरा विषयच नव्हता. ठाण्याचे काका गाड्यांच्या बाजूने, दम्याने हैराण असलेली पुण्याची मावशी हवेच्या बाजूने. इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये बसून ते सगळं वाचताना मला दोघांचंही पटत होतं. पण गाडी जुनी होणं म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारतच नव्हतं.

मला आमची फियाट परत हवी आहे, हे आधी सांगून टाकते. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून ती याच नावाने निघायची, पण आमच्याकडे तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग सीट, त्यामुळे बाबा, आई आणि मधे मी. पुढच्या दाराला ती तिकोनी काच. ती फिरवली की वारा थेट तोंडावर. थंडीत चोक ओढून, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून तिला जागं करायचं. मे महिन्यात गावी निघालो की कशेडी घाटात ती हमखास रुसायची. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपातच ते तापून त्याची वाफ व्हायची आणि इंजिन बंद पडायचं. मग बाबा बॉनेट उघडायचे, फडकं पाण्यात बुडवून, पिळून पंपावर गुंडाळायचे. फडक्यातून वाफ निघायची, आई डब्यातले लाडू काढायची, आणि थोड्या वेळाने एका किल्लीत गाडी सुरू. पुढे मी यंत्र-अभियांत्रिकी घेतली, त्यामागे ते ओलं फडकं आहे. नंतरच्या गाड्यांनी आम्हाला कधी वाटेत थांबवलं नाही, पण त्यांचं बॉनेट उघडून बाबांनी मला काही दाखवलंही नाही. मी शिकायला बाहेर गेल्यावर, पासिंगची कटकट नको म्हणून, त्यांनी ती विकून टाकली. पुढे तिचं काय झालं ते कळलं नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे मर्सिडीजची डब्ल्यू १२३ आहे, फिकट हस्तिदंती रंगाची. जर्मनीतल्या टॅक्सींचा हा रंग. मुंबईला काळी-पिवळी तशी या लोकांना ही हस्तिदंती मर्सिडीज. १९७६ ते १९८६ या काळात अशा सुमारे २७ लाख गाड्या बनल्या, म्हणजे दुर्मीळ वगैरे काही नाही, साधी कामाची गाडी. तिच्या नंबरप्लेटवर शेवटी एक ‘एच’ आहे. १९९७ पासून इथे हा नियम आहे: गाडी तीस वर्षांची झाली, मूळ रूपात असली आणि नीट राखलेली असली, तर तज्ज्ञ ती तपासतो आणि तिला हे अक्षर मिळतं. मग वर्षाला सरसकट १९१ युरोंच्या आसपास कर. एवढ्या जुन्या मोठ्या डिझेल गाडीला एरवी याच्या कितीतरी पट पडला असता. शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांत, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या भागांतही, तिला मज्जाव नाही. तपासणी मात्र दर दोन वर्षांनी चुकत नाही. ब्रेक किंवा गंजलेला सांगाडा नापास झाला तर गाडी घरी. सुटे भाग लागले तर शेजारच्या फेलबाखमध्ये कंपनीचंच जुन्या गाड्यांचं केंद्र आहे. आपल्याकडे फियाटवाल्याला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानामागून दुकान पालथं घालावं लागतं.

म्हणजे इथे तिशी ओलांडली की गाडीचा मान वाढतो. आपल्याकडे फक्त दंड वाढतो. खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी होते, पुढे दर पाच वर्षांनी. त्याची फी आधी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर आहेच. गाडी कशी राखली आहे याचा या रकमांशी काही संबंध नाही.

जर्मनीला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. २००९ मध्ये याच देशाने नऊ वर्षांवरची गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले, आणि धडधाकट गाड्याही ढिगाने भंगारात गेल्या. आणि मावशीचा मुद्दा खराच आहे: कार्बोरेटरवाली, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त घाण हवेत सोडते, कितीही निगुतीने राखा. एच-प्लेट मिळाली म्हणून धूर स्वच्छ होत नाही. पण अशा गाड्या मोजक्या असतात आणि रोज ऑफिसला जात नाहीत, त्या रविवारी निघतात. मावशीच्या छातीत जाणारा धूर दिवसभर पळणाऱ्या ट्रक-टेम्पोंचा, बांधकामांच्या धुळीचा आणि जळणाऱ्या कचऱ्याचाही आहे. रोज धावणाऱ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा घालणं मला मान्य आहे. त्या मर्यादेने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्याचं वाईट वाटलं, तरी निर्णय बरोबर होता. पण धंद्याच्या गाडीचा नियम आणि कुणीतरी जिवापाड जपलेल्या गाडीचा नियम एकच कसा असेल?

आपल्याकडे विंटेज गाड्यांचा नियम आहे, नाही असं नाही. २०२१ मध्ये केंद्राने तो केला: नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, स्वतंत्र ‘व्हीए’ नंबर, आणि रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कारणांसाठीच रस्त्यावर आणायची मुभा. ही बंधनं मला चालतील. अट मात्र पन्नास वर्षांची आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्या त्यात बसतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली फियाट, पहिली मारुती ८०० बसत नाहीत, म्हणजे ज्या गाड्यांत आपण वाढलो, त्या पंधरा ते पन्नास या पट्ट्यात अडकतात आणि तोवर फी भरून भरून मालक थकतो.

पन्नासाची ही अट तीसवर आणा. सोबत कडक तपासणी ठेवा, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला, हवा वाईट असेल त्या दिवसांत गाडी बाहेर काढायला बंदी करा. काकांना आणि मावशीला दोघांना मान्य व्हावं असं हे आहे, मी ग्रुपवर लिहिलंही. १९९५ साली कुर्ल्यातून निघालेली पद्मिनी आजच्या नियमाने २०४५ मध्ये विंटेज होईल. तिशीची अट असती तर तिला आत्ताच तो नंबर मिळाला असता.